धाप कुणी मोजायची?

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातलं बागायती गाव, आता नगरपरिषदेचं शहर. कालव्याच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आणला आणि उसामागोमाग धूर आला. फडात पेटवलेल्या पाचटाचा, गुऱ्हाळांचा, तोडीला आलेल्या मजुरांच्या कोप्यांतल्या चुलींचा. दिवाळी उलटून थंडी पडली की पहाटे हा धूर जमिनीलगत बसून राहतो. त्याच दिवसांत दवाखान्याच्या बाकांवर खोकणारी, खांदे वर ओढून श्वास घेणारी माणसं वाढतात. आपल्या आजाराला ती 'दमा' म्हणतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना खरं तर सीओपीडी असतो. दम्यात आवळलेल्या श्वासनलिका औषधाने पुन्हा मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या पुरत्या मोकळ्या होत नाहीत आणि वर्षागणिक फुप्फुस झिजत जातं.

२०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा तेव्हा १८ टक्के होता. श्वसनाच्या दीर्घ आजारांनी जगात जेवढं निरोगी आयुष्य हिरावलं, त्यात मात्र आपला वाटा ३२ टक्के होता. या आजारावर गावोगाव रोज उपचार होतात. ते चांगले होतात का, हे क्वचितच कुठे लिहिलेलं सापडतं. लिहावं का, आणि लिहायचं तर काय, यावर मी दोन माणसांना समोरासमोर बसवलं आहे. एक देवळालीतले जुने फॅमिली डॉक्टर, दुसरी त्यांची भाची, सार्वजनिक आरोग्य शिकून आलेली. दोघंही माझ्या कल्पनेतली आहेत. त्यांच्या तोंडचे अभ्यास आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामा : दाखव तुझा तक्ता. सहा रकाने! यात माझी पेशंट कुठे आहे गं?

भाची : कोणती पेशंट, मामा?

मामा : कुठलीही घे. जी बाई भरलेली कळशी घेऊन एका दमात घरी यायची, ती आता रिकाम्या हाताने येताना दोनदा टेकते. मी तिला एवढंच विचारतो, 'बाई, कुठवर चालवतं?' ती म्हणते, 'मारुतीच्या देवळापर्यंत.' पुढच्या महिन्यात 'पारापर्यंत' म्हणाली की मला समजतं काय ते. त्याला यंत्र लागत नाही.

भाची : तुम्ही विचारता ते मोजमापच आहे की! धापेची शून्य ते चार अशी एक पट्टी जगभर वापरतात. नुसत्या चढाला धाप लागली तर एक. बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला लागलं तर दोन. शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर तीन. लुगडं नेसतानाही दम लागला तर चार. तुमचं देऊळ आणि तुमचा पार याच पट्टीवर आहेत. फरक एवढाच की तुमची पट्टी तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही दवाखाना बंद कराल त्या दिवशी तीही बंद.

मामा : डोक्यातल्या पट्टीवर माणसं जगवली मी.

भाची : किती?

मामा : आता हे काय विचारणं झालं?

भाची : खरंच विचारते. मागच्या पाच वर्षांत धाप लागणारी किती माणसं तुमच्याकडे आली? त्यांतली किती आज येतात? जी येत नाहीत ती बरी झाली, दुसऱ्या डॉक्टरकडे गेली की वारली?

मामांकडे याचं उत्तर नाही. तालुक्यातल्या इतर कुणा डॉक्टरकडेही ते सहजी मिळणार नाही. बाकावर बसलेला पेशंट डॉक्टरला दिसतो. जो बाकापर्यंत आलाच नाही, तो कितीही चांगल्या डॉक्टरच्या स्मरणात नसतो. मला या सगळ्या वादात भाचीचा हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

भाची : क्षयाच्या पेशंटचं आठवा. १९९७ पासूनच्या कार्यक्रमात प्रत्येकाचं नाव वहीत चढतं आणि औषधाची मुदत संपली की त्याच्यापुढे काहीतरी लिहावंच लागतं. बरा झाला, उपचार पुरे केले, मधेच सोडले, मरण पावला. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही कळवणं बंधनकारक झालं. तुम्हीही कळवता. आता त्याच माणसाचा क्षय बरा होतो, फुप्फुसावर व्रण राहतो आणि काही वर्षांनी त्याला धाप लागायला लागते. तेव्हा त्याचं नाव कुठल्या वहीत असतं?

मामा : नसतं. पण क्षयाला जंतू आहे, ठरलेली मुदत आहे, शेवट आहे. हा आजार मरेपर्यंतचा. याच्यापुढे 'बरा झाला' कधी लिहिणार तू?

भाची : कधीच नाही. म्हणूनच वेगळं काहीतरी लिहावं लागेल. रक्तदाब आणि मधुमेहही मरेपर्यंतचेच आहेत ना? २०२३ मध्ये केंद्राने ठरवलं की २०२५ पर्यंत या दोन आजारांच्या साडेसात कोटी लोकांना नीट उपचारांवर आणायचं. उद्दिष्ट ठरलं की वरून विचारणा होते, विचारणा झाली की गोळ्या येतात. धापेचा आकडा त्या उद्दिष्टात नव्हता. आता सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन बघा, रक्तदाबाची गोळी मिळण्याची शक्यता जास्त की धापेचा पंप मिळण्याची.

मामा : ते खरं. पंप बाहेरून घ्यावा लागतो, महिन्याच्या महिन्याला. म्हणून तर लोक येतात, डेरिफिलीनचं इंजेक्शन घेतात, मशीनवर वाफ घेतात आणि आठ दिवस ढकलतात. पण मला सांग, तुझ्या पहिल्या रकान्यात काय आहे?

भाची : स्पायरोमेट्री झाली का.

मामा : इथेच गाडी अडते. ती तपासणी म्हणजे काय, हे कागदावर सोपं आहे. छातीभर श्वास घ्या, जोरात फुंका, संपेपर्यंत फुंकत राहा. प्रत्यक्षात सत्तरीची म्हातारी त्या नळीकडे बघून हसते, ओठांच्या कडेने हवा सोडते, मधेच खोकते. तीन चांगल्या फुंकरी मिळाल्याशिवाय आकडा धरायचा नसतो. मग औषध देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सगळं करायचं. यंत्र रोज तपासून घ्यायचं. यातलं एक चुकलं तरी कागदावर आकडा उमटतोच, आणि छापील आकड्याशी कुणी वाद घालत नाही. त्यात तुमची ०.७ ची रेघ. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा भागिले एकूण हवा, त्याखाली आलं की सीओपीडी. म्हातारपणात हा आकडा आपसूक घसरतो. धडधाकट म्हातारा रोगी ठरतो आणि चाळिशीतला खरा रोगी निसटतो.

भाची : सगळं मान्य. तरी विचारते, त्या तपासणीशिवाय तुमच्याकडे कोण निसटतं?

मामा : कोण?

भाची : बायका. विडी ओढणारा माणूस खोकत आला की कुठलाही डॉक्टर फुप्फुसाचा विचार करतो. बाई आली की 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाईन लावतात, कॅल्शियम देतात. डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा २००९ चा लॅन्सेटमधला लेख आहे. साळवी तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये होते. जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नाही, हे त्यांनी त्यात मांडलं. भारतात या आजाराच्या ओझ्यापैकी निम्म्याहून जास्त भार प्रदूषित हवेचा आहे, तंबाखूचा साधारण पाव. चुलीपुढे बसलेली बाई या हिशेबात सगळ्यांत पुढे आहे आणि निदानात सगळ्यांत मागे.

मामा : बायकांची धाप पुष्कळदा रक्त कमी असल्याचीही असते, हे विसरू नकोस. कधी हृदयाच्या झडपांचा आजार असतो.

भाची : म्हणूनच फुंकायला लावायचं. धाप सगळ्यांची सारखीच दिसते. वेगळी करायची तर तपासायला हवी.

इथे मामा जे पुढे बोलले, ते मला विसरता येत नाही. मोजणाऱ्यांनी ते मनावर घ्यावं, म्हणून जसंच्या तसं देतो.

मामा : बरं, निसटणाऱ्या बायका शोधायला तुमचा फॉर्म आहेच ना? आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा भरतात तो, सीबॅक. त्यात विचारतात, स्वयंपाकाला इंधन काय? बाई सांगते 'गॅस'. खोटं नाही सांगत ती. गॅसची उज्ज्वला योजना २०१६ ला आली, शेगडी ओट्यावर आहे, चहा-भाजी तिच्यावरच होते. पण परसात चूल आहे. सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी पहाटे तिच्यावर तापतं. बाजरीच्या भाकरी गॅसवर परवडत नाहीत, त्याही तिथेच. खाली तुराट्या, चिपाडं, गोवऱ्या, जे हाताला लागेल ते. थंडीत दोन-दोन तास धुरात बसते ती, आणि तुझ्या कागदावर तिचं घर धूरमुक्त. हा आकडा खोटा नाही गं, पण तो आंधळा आहे.

भाची : मग प्रश्न बदलायचा. 'आंघोळीचं पाणी कशावर तापवता?'

मामा : हां! हा प्रश्न तुला दिल्लीत बसून सुचला नसता.

भाची : नाही. म्हणून तर तुमच्यासमोर बसले आहे.

याच फॉर्ममध्ये पिकांचे अवशेष जाळणं, कचरा जाळणं, वीटभट्टी असल्या धुराच्या कामांचीही विचारणा आहे, हे सांगायला हवं. ती ज्यांनी घातली त्यांना गावातला धूर ठाऊक होता. पण उत्तर नोंदवल्यानंतर त्या बाईला फुंकण्याची तपासणी मिळत नसेल, तर विचारून उपयोग काय? स्पायरोमेट्रीसाठी लोणीच्या प्रवरा रुग्णालयात किंवा नगरला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडवणं आणि भाड्याचे पैसे मोडणं. 'एवढ्याशा खोकल्यासाठी' तेवढं करायला घर सहसा तयार होत नाही. घरातल्या बाईसाठी तर त्याहून कमी.

मामा : पुढचा रकाना?

भाची : पंप नीट घेता येतो का, हे डोळ्यांनी पाहिलं का.

मामा : यावर मी तुझ्याशी भांडणार नाही. आमच्याकडे कॅप्सूलचा पंप लिहून दिला की घरी जाऊन कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे भेटतात. कुणी पंप दाबतो आधी आणि श्वास घेतो नंतर, औषध सगळं जिभेवर. वर 'पंपाची सवय लागते' ही भीती. लग्नाच्या मुलीचा पंप कपाटात कपड्यांखाली लपवलेला असतो.

भाची : हे फक्त आपल्याकडे नाही. चाळीस वर्षांतले जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये पाहिलं, तर पंप बरोबर वापरणारे फक्त एकतीस टक्के निघाले, आणि त्या चाळीस वर्षांत त्यात काडीची सुधारणा नव्हती. औषधं नवी आली, पंप नवे आले, शिकवणं आलं नाही. आणि मामा, हे मोजायला पैसा लागत नाही. 'तुमचा पंप दाखवा, माझ्यासमोर घ्या', एवढंच. दोन मिनिटं.

मामा : दोन मिनिटं म्हणतेस! माझ्या बाकावर वीस जण असतात. आणि त्या दोन मिनिटांचे मला कोण देतं? इंजेक्शनचे पैसे पेशंट खुशीने देतो, शिकवण्याचे देत नाही. सरकारचंही तेच. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, चांगली आहे. माणूस अत्यवस्थ होऊन भरती झाला तर बिल भरते. तो अत्यवस्थ होऊ नये म्हणून लागणारा महिन्याचा पंप मात्र त्याने खिशातून घ्यायचा. हे मोज ना आधी.

भाची : मोजायचंच आहे. एका माणसाच्या वर्षाच्या पंपांना किती लागतात आणि त्याच्या एका भरतीला सरकारचे किती जातात, हे शेजारी शेजारी लिहिलं तर कुणालाही वाचता येईल. आज ते लिहिलेलं नाही, म्हणून कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

मामा : लिहिलं की आपोआप भलं होतं, असं समजू नकोस. अमेरिकेत काय झालं? पेशंट तीस दिवसांच्या आत परत भरती झाला की रुग्णालयाला दंड. २०१४ पासून सीओपीडीही त्यात घातला. पुढे २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की याच दंडाच्या काळात हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाच्या पेशंटांचे घरी गेल्यानंतरचे मृत्यू वाढले. दंडामुळेच वाढले का, यावर अजून वाद आहे. पण आकड्याला काठी बांधली की माणूस आकडा सांभाळतो, पेशंट नाही, हे समजायला मला अभ्यास लागत नाही.

भाची : काठी मी मागतच नाही.

मामा : आणखी एक. तिकडेच, निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत, सीओपीडीच्या लोकांना घरी सांभाळायचा कार्यक्रम केला. शिकवलं, त्रास वाढला तर काय करायचं ते लिहून दिलं, फोनवर विचारपूस ठेवली. यात वाईट काय असणार? पण तो मधेच थांबवावा लागला. कार्यक्रमातली अठ्ठावीस माणसं गेली आणि बाहेरची दहा. २०१२ ला छापून आलंय. मृत्यू का वाढले, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही.

भाची : वाचलंय मी ते. एक सांगा, अठ्ठावीस आणि दहा हे त्यांना कळलं कसं?

मामा : …

भाची : मोजत होते म्हणून. न मोजता चालवला असता तर आज तो आदर्श कार्यक्रम म्हणून गावोगाव गेला असता. चांगल्या हेतूने केलेलं कामही तपासावंच लागतं, मामा. आणि मोजून सुधारलेलंही आहे. फिनलंडने १९९८ पासून दहा वर्षं देशभर कार्यक्रम चालवला. गावपातळीच्या केंद्रांत स्पायरोमेट्री नेली, डॉक्टर-नर्सना शिकवलं, विडी-सिगारेट सोडवायला मदत केली. रुग्णालयातले सीओपीडीचे दिवस जवळपास चाळीस टक्क्यांनी घटले.

मामा : फिनलंड! अगं, तिथला पेशंट दरवर्षी त्याच पत्त्यावर सापडतो. माझे निम्मे धापेचे पेशंट कोपीत राहतात. दिवाळीनंतर पाथर्डीकडून, बीडकडून येतात, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की जातात. पहाटे तीनला उठून फडात, संध्याकाळी उसाच्या वाढ्यांवर आणि पाचटावर स्वयंपाक, तोही बुटक्या कोपीत. त्यांच्या बायका इथे एकदा दाखवतात, औषध संपलं की संपलं. त्यांना कुठल्या गावच्या वहीत घालशील?

यावर भाची लगेच बोलली नाही. हा प्रश्न तिच्या तक्त्याच्या बाहेरचा होता आणि तिला ते कळलं.

भाची : वही पेशंटजवळ ठेवावी लागेल. गरोदर बाईचं कार्ड तिच्याजवळ असतं, ती माहेरी गेली तरी बरोबर जातं. तसंच कार्ड. फुंकून पाहिलं तर आकडा, धापेची पायरी, कुठला पंप, तो घेता येतो का. इथे लिहिलेलं पाथर्डीत वाचता आलं पाहिजे.

मामा : हे जमण्यासारखं आहे. पण लिहिणार कोण? डॉक्टर नाही लिहिणार, आत्ताच सांगतो.

भाची : डॉक्टरची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० पासून आरोळे पती-पत्नींनी खेड्यातल्या, फारसं न शिकलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. गडचिरोलीत बंग दांपत्याने मण्यांचं श्वासमापक केलं. ज्या बाईला आकडे मोजता येत नाहीत तिनेही मणी सरकवत बाळाचा श्वास मोजायचा आणि न्यूमोनिया ओळखायचा. त्यांचं न्यूमोनियावरचं काम १९९० ला लॅन्सेटमध्ये आलं. जिथे हे काम झालं तिथे न्यूमोनियाने हजारी आठ मुलं गेली, शेजारच्या गावांत साडेसतरा. श्वास मोजून जीव वाचवायची विद्या महाराष्ट्राची घरची आहे. आपण ती मुलांसाठी वापरली. त्याच मुलांच्या आज्यांसाठी वापरली नाही.

मामा : त्यांनी मोजलं तसंच औषधही त्याच बाईच्या हातात दिलं होतं, हे विसरू नकोस. नुसतं मोजून ती पुढच्या घरी गेली नाही.

मामांच्या या वाक्याजवळ हा वाद मला संपलेला दिसतो. आरोग्यसेवेची गुणवत्ता मोजण्याचं शास्त्र ज्यांच्यापासून सुरू झालं असं मानतात, ते एव्हेडिस डोनाबेडियन. साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि शेवटी पेशंटचं काय झालं, असे तीन प्रश्न त्यांनी १९६६ मध्ये मांडले आणि आजही सगळी मोजमापं त्यांच्यावरच उभी आहेत. आयुष्याच्या अखेरीच्या एका मुलाखतीत त्यांनी म्हटलं, की चांगल्या सेवेचं मूळ प्रेमात असतं. मामांचा मारुतीच्या देवळापर्यंतचा प्रश्न आणि भाचीचे रकाने दोन्ही एकाच माणसाच्या विचारात मावत होते.

माझा कौल भाचीकडे आहे, मामांच्या अटी घालून. नोंद ठेवावीच. ती रुग्णाच्या कार्डावर आणि जवळच्या आरोग्य केंद्रात राहावी. डॉक्टरांची किंवा केंद्रांची क्रमवारी लावायला ती कधीही वापरू नये. प्रश्न त्या त्या भागातल्या धुराला विचारून ठरवावेत. गोदाकाठी वेगळे, सिन्नर-संगमनेरच्या विडी वळणाऱ्या घरांत वेगळे, उसाच्या पट्ट्यात वेगळे. आणि ज्या महिन्यापासून नोंद सुरू होईल त्या महिन्यापासून आरोग्य केंद्रात पंप मोफत मिळावा, ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमीटर आणि तो चालवायला शिकलेली एक व्यक्ती असावी. हे देणार नसाल तर आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म लादू नका.

ते होईल तेव्हा होईल. राहुरी, देवळाली, श्रीरामपूरच्या वाचकांना आजच करता येण्यासारखं थोडं आहे. घरात कुणाला महिनोन्महिने खोकला असेल, चालताना धाप लागत असेल, तर ती व्यक्ती विडी ओढत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आई किंवा आजी असेल तर आधी तिला न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'फुंकण्याची तपासणी करायची का?' पंप चालू असेल तर पुढच्या भेटीत तो बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. आणि थंडी पडायच्या आत आंघोळीच्या पाण्याची चूल बंद होईल अशी काही सोय घरात करा.